प्रमोदच्या पुड्या

रत्नागिरी
२४ नोव्हेंबर

दादा,

जयभीम. तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस हे मला मनालीकडून कळलं. बिचारी पोर, बापाची चहाडी करावी लागली म्हणून फोनवर नुसती अडखळत होती. म्हणून आता कागद. कागद ब्लॉक करता येत नाही, फार तर फाडता येतो, आणि आत आईची खबर आहे म्हटल्यावर तू तो फाडणार नाहीस.

तर आईची खबर. हिवताप पूर्ण गेला. रक्तात आता एकही जंतू नाही. मूत्रपिंडं मात्र अजून उठलेली नाहीत. मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिला डायलिसिसला नेते. मशीन तिचं रक्त धूत असतं आणि ती शेजारच्या खाटेवरच्या बाईला आपल्या वाडीतल्या लग्नांच्या गोष्टी सांगत असते. कोणाच्या लग्नात भात करपला, कोणाची वरात वहाळाच्या पाण्यात अडकली. तिथल्या सिस्टर आता मला डॉक्टर म्हणून ओळखत नाहीत, चिमाबाईंची मुलगी म्हणून ओळखतात.

हिवतापानं बसलेली मूत्रपिंडं पुष्कळदा परत चालू होतात. हे मी तुझं मन राखायला लिहीत नाही, माझं कामच ते आहे. मिरकरवाड्याच्या बोटीवरचा एक खलाशी गेल्या वर्षी आईसारखाच मशीनवर होता, आज तो पुन्हा समुद्रात जातो. पण जे काय व्हायचं ते साधारण पहिल्या तीन महिन्यांत होतं. त्यापुढे आशा पातळ होत जाते. म्हणजे जानेवारीपर्यंत आपण वाट बघायची.

त्या दिवशी वॉर्डात तू सगळ्यांसमोर म्हणालास, "मलेरियाची मोठी डॉक्टर ना गो तू? मग आये कशी पडली मलेरियान? तुजा कागुद वाचत व्हती का परिषदेत?" मी खरंच तेव्हा पुण्याला परिषदेत होते आणि मूत्रपिंडांवर हिवतापाचा काय परिणाम होतो हेच सांगत होते. ते मला तुझ्याआधी माझ्या मनानं ऐकवलं होतं. पण तुला वाटलं माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून मी मान खाली घातली. उत्तर होतं. आईनं चादरीखाली माझं मनगट घट्ट धरलं होतं, म्हणून मी ते दिलं नाही. तिला शब्द दिला आहे, म्हणून आजही देत नाही.

एकच मागते. या वेळी वाडीत गोळ्यांच्या पुड्या पाठवू नकोस. कोणालाच नको. कारण विचारू नकोस.

तुझी
दीप्ती


रत्नागिरी
२१ डिसेंबर

दादा,

नको म्हटलं होतं ना?

काल मी कामासाठी आपल्या वाडीत गेले होते. जानूकाकाच्या पडवीत बसले तर त्यानं कौतुकानं खुंटीवरची नवीकोरी पुडी काढून दाखवली. वर तुझ्या अक्षरात "जानू तांबे". नंदावहिनी गेल्या आठवड्यात येताना तू दिलेल्या सगळ्यांच्या पुड्या घेऊन आली म्हणे. काका म्हणाला, "प्रमोद हाय म्हनून वाडीचे गुडघे चालतायत. ताप असो, कंबर असो, येक पिवळी गोळी टाकली का मानूस उभा." मी त्याच्या हातचा चहा प्यायले आणि उठले.

तू चिडणार. "माझ्या गोळ्यांना नावं ठेवायची हिला काय गरज? हिचे मोठे लोक बघू देत त्यांची औषधं." म्हणून आधीच सांगते, तू हे का करतोस ते मला ठाऊक आहे. तुझ्याइतकंच ठाऊक आहे. आपले आजोबा बाजारात वैद्याकडे जायचे तेव्हा तो उंबऱ्याच्या आतून पुडी खाली सोडायचा. आजोबांनी ओंजळ वर धरायची. एकदा ओंजळ चुकली, पुडी चिखलात पडली आणि वैद्य दुसरी देईना. घरी आत्या तापानं फणफणत होती. ही गोष्ट आजोबांनी आपल्याला सांगितली तेव्हा तुला माझ्याहून जास्त कळत होतं आणि तू उठून बाहेर निघून गेला होतास. म्हणून तू पुड्या विहारातच देतोस, पौर्णिमेची वंदना झाल्यावर, एकेकाच्या हातात, दोन्ही हातांनी. घेणाराही दोन्ही हातांनी घेतो. मी ते बघितलं आहे. तुझ्या मुंबईच्या औषधांच्या गोदामातून चांगला माल मागून आणायचा, घरी बसून नावं घालायची, एकही घर विसरायचं नाही. असं मला कधी जमलं नसतं.

आणि म्हणूनच वाडीत कोणी त्या गोळीबद्दल विचारत नाही. सरकारी दवाखान्यातली गोळी दहा वेळा उलटीपालटी करून बघतील, आशाताईला "ही कडू का, ती मोठी का" म्हणून छळतील. तुझी गोळी मात्र आपल्या माणसाच्या हातची. ती डोळे मिटून गिळायची.

माझं काम आता भलतीकडेच वळलं आहे. आम्ही आजवर डास शोधले, रक्त तपासलं, कोणाचं मूत्रपिंड कधी बसलं ते पाहिलं. एकाच गावातल्या दोघांना सारखाच हिवताप होतो, एक आठ दिवसांत भाताच्या पेंढ्या वाहतो आणि दुसरा मशीनवर जातो, असं का, हे कोडं होतं. माणूस तापाच्या पहिल्या दिवशी काय गिळतो हे मात्र आम्ही कधी नीट विचारलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आता विचारते आहे, आणि घरोघरी मातीच्या चुली निघताहेत. कुठे मुंबईचा मुलगा, कुठे जावई, कुठे दुकानात कामाला असलेला भाचा. प्रत्येक वाडीत एक प्रमोद आहे.

एवढंच लिहिते. याच्यापुढे गेले तर शब्द मोडेल.

आई बरी आहे असं लिहायचं होतं, पण ती तशी नाही. पाणी मोजून, मीठ नाही, शहाळं नाही, सुकट तर नावालाही नाही. परवा शेजारच्यांनी बोंबील भाजले तर ही खिडकीत जाऊन उभी राहिली. म्हणाली, "वास घेवाक तरी तुजा मशीन नाय म्हनत नाय ना?" मी हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. तुला फोन लावावासा वाटला. लागला नसता.

दीप्ती


रत्नागिरी
२० जानेवारी

दादा,

हे पत्र बसून वाच. वहिनी जवळ असेल तर बरं.

आईची मूत्रपिंडं परत येणार नाहीत. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी काल सगळे रिपोर्ट पुढे मांडले आणि मला विचारलं, "दीप्ती, हे तुझ्या रुग्णाचे असते तर तू काय म्हणाली असतीस?" मी जे म्हणाले असते तेच म्हणाले. तिच्या डाव्या हाताची शीर धमनीला जोडून घेतली आहे, म्हणजे यापुढे मशीनची सुई कायमची तिथूनच लागेल.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. ती म्हणाली, "ह्यांनी सांगितलाय, आयेला किडनी मी देनार. दीप्तीला इचार कुटं यायाचा." दादा, तीन महिन्यांत तुझ्याकडून आलेला हा पहिला निरोप. तू असाच आहेस. बोलणार नाहीस, पोटातला अवयव काढून देशील.

पण तू तो न कळता द्यावास हे मला सहन होणार नाही. उद्या तिथले डॉक्टर आईला विचारतील, तुला विचारतील, आणि तुला ते परक्याच्या तोंडून कळेल. म्हणून आईला दिलेला शब्द मी मोडते आहे. इकडे आड तिकडे विहीर होती, मी विहीर निवडली.

ऑक्टोबरात आईला ताप आला तेव्हा भातकापणी चालू होती. तिनं मला फोन केला नाही. आशाताई दारावरून जात होती, तिला बोट टोचू दिलं नाही. तिनं चुलीमागच्या खुंटीवरची पुडी काढली आणि कोऱ्या चहाबरोबर पिवळी गोळी घेतली. ताप उतरला. ती कापणीला गेली. उन्हात घामानं निथळली, पाणी प्यायला उठली नाही, कारण ओळ पुरी करायची होती. रात्री पुन्हा थंडी वाजली, पुन्हा गोळी. असं ती सकाळ-संध्याकाळ करत राहिली आणि गोळीनं उतारा पडत राहिला. शेवटी बांधावर कोसळली तेव्हा जानूकाकानं उचलून आणलं. मला हे सगळं तिनंच सांगितलं, आणि वर म्हणाली, "पोरान चांगल्या मनान दिलान. त्येला कळला तर तो जगायचा नाय. तुज्या तोंडातून येक सबुद बाहेर पडता नये."

तुझी दुखण्यावरची गोळी वाईट नाही. धडधाकट माणसानं, पोटात अन्नपाणी असताना, कधीतरी एखादी घेतली तर बहुधा काही होत नाही. पण हिवताप मूत्रपिंडांना आधीच आवळत असतो. त्यात शरीरातलं पाणी आटलेलं असेल आणि वरून ही गोळी पडली, तर ती आणखी आवळली जातात. शिवाय ताप तात्पुरता उतरतो, माणसाला वाटतं बरं झालं, आणि हिवतापाचं खरं औषध सुरू व्हायला उशीर होतो.

आता नीट वाच. आईच्या बाबतीत हिवतापानं किती केलं आणि गोळीनं किती केलं, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही. आज नाही आणि पुढेही नाही. गोळी घेतली नसती तरी मूत्रपिंडं गेली असती, हे शक्य आहे. वाचली असती, हेही शक्य आहे. मला खोटं बोलून तुला सोडवता आलं असतं किंवा रागाच्या भरात अडकवता आलं असतं. दोन्ही करत नाही, कारण खरं एवढंच आहे.

आणि तुझा राग मला तेव्हाही समजला होता. आई पडली आणि आपण दोघंही तिच्याजवळ नव्हतो. तू ते माझ्यावर काढलंस. मी कोणावर काढणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

तपासण्या इथेच करता येतील. कधी येतोस ते वहिनीकडून कळव. आईला किडनीबद्दल अजून काही सांगितलेलं नाही.

दीप्ती


रत्नागिरी
१४ फेब्रुवारी

दादा,

रिपोर्ट ऐकून फोनवर तू "आयेला सांगू नको" एवढंच म्हणालास आणि ठेवून दिलास. नंतर लागतच नाही. पुन्हा ब्लॉक केलंस का? मग पुन्हा कागद.

तू आलास तेव्हा मला वाटलं होतं तू ओरडशील. मी तयारीनं बसले होते. तू रक्त दिलंस, लघवी दिलीस, आईच्या पायाशी बसून तिचे तळवे चोळलेस, आणि कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर बसून नुसता वडा कुस्करत राहिलास. शेवटी एकच बोललास, "वाडीला मी इख देत व्हतो काय गो?" मी नाही म्हटलं. तू मान हलवलीस, पण तुला पटलं नव्हतं.

मग गाडीची वेळ झाली म्हणून तू उठलास आणि कमरेवर हात दाबून क्षणभर तसाच वाकून थांबलास. मी विचारलं, कंबर दुखते? तू म्हणालास, "खोके चढवायचे असतात. गोळी टाकतो, चालतो. कधीतरी." वाडीला जे वाटत होतास ते तू स्वतः खात असशील हे मला सुचलंच नव्हतं, दादा. इतकी वर्षं मी परक्या माणसांना विचारत फिरते, तुम्ही काय गिळता, किती दिवस गिळता. माझ्या भावाला मी कधी विचारलं नाही.

रिपोर्ट फोनवर सांगितला तो असा: क्रिएटिनिन वाढलेलं, लघवीत प्रथिनं, वर रक्तदाब. पुन्हा तपासून घेतलं, तेच आलं. वहिनीला खोदून विचारलं तेव्हा ती रडायला लागली. कधीतरी नव्हे, रोज. माल जास्त असेल त्या दिवशी दुपारी आणखी एक. तुला किडनी देता येणार नाही. तुझ्याच तुला पुरवून वापरायच्या आहेत.

दुखणं येतं हत्तीच्या पावलानं आणि जातं मुंगीच्या पावलानं, असं आपण म्हणतो. हे दुखणं उलटं आहे, ते मुंगीच्या पावलानं येतं. काही दुखत नाही, काही सुजत नाही, आणि आतून माणूस संपत असतो. म्हणूनच मी हात जोडून सांगते. तुझी मूत्रपिंडं आईसारखी गेलेली नाहीत. आज गोळी बंद केलीस, रक्तदाबाचं औषध वेळेवर घेतलंस, तिथल्या मूत्रपिंडांच्या डॉक्टरांना दाखवलंस, तर आहेत ती बरीच वर्षं टिकतील. कदाचित कायमची टिकतील. गोळी चालू ठेवलीस तर तू आईच्या शेजारच्या खाटेवर असशील, आणि ते मी बघू शकणार नाही.

पण वहिनी म्हणते तू थांबलेला नाहीस. म्हणे तू बोललास, "आयेचा गेला, आता माजा काय ठेवायचाय?" दादा, ही शिक्षा तू कोणाला देतोस? आईला तुझं मूत्रपिंड गेल्यानं तिचं परत मिळणार आहे का? मनालीला बाप नको आहे का? मला भाऊ नको आहे का? मला तुझा फार राग आला आहे. राग आणि भीती, दोन्ही सारखीच.

माझा स्वतःचाही आला आहे. नोव्हेंबरातच सांगितलं असतं तर तुझ्या पोटात तीन महिन्यांच्या गोळ्या कमी गेल्या असत्या. आई तुला जपत होती, मी आईचा शब्द जपत होते, आता तू म्हणतोस आईला जपायचं. आपल्या घरात सगळे एकमेकांना जपतात आणि त्यात माणूस हातचा जातो. यापुढे मी कोणासाठी गप्प बसणार नाही. तू सांगू नको म्हणालास. मी हो म्हटलेलं नाही, हे लक्षात ठेव.

दीप्ती


आपल्या घरातून
शनिवार, २१ मार्च

दादा,

मी आईला सांगितलं. मंगळवारी डायलिसिसहून परतताना, रिक्षात. तू चिडलास तर चीड.

तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग रिक्षावाल्याला म्हणाली, "भावा, गाडी ष्ट्यांडावर घे." मी म्हटलं आये, आजच मशीनवरून उठली आहेस, चक्कर येईल. तर म्हणाली, "चक्कर तुज्या घरात बी येतेच. आज मना माज्या घरात जायाचा हाय." ती किती हट्टी आहे ते तुला मी काय सांगायचं. राजापूरची एसटी पकडली, तिथून पुढे टेम्पो, आणि दिवेलागणीला वाडीत पोचलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पांढरं लुगडं नेसलं, काखेत कापडी पिशवी घेतली आणि पहिलं घर जानूकाकाचं. दारातूनच म्हणाली, "जानू, प्रमोदची पुडी आन." काका गोंधळला. "कशाला गो? माजा गुडघा..." आई म्हणाली, "तुज्या गुडघ्याला दीप्ती हाय. पुडी माज्या पोरान दिलान, मी त्याची आयस, मी परत घेतय." काकानं पुडी आणली आणि तिच्या हातात दोन्ही हातांनी दिली. तिनंही दोन्ही हातांनी घेतली. मी मागे उभी होते, मला बघवेना.

मग घर घर. थांबत थांबत, कठड्यावर बसत. मी प्रत्येक घरी सांगत होते की ताप आला की आधी रक्त तपासायचं, दुखण्यावर काय चालतं, काय नाही, आणि माणसं माझ्याकडे बघतच नव्हती, तिच्याकडे बघत होती. बहुतेकांनी गुमान दिल्या. राहीवहिनी मात्र आडवी आली. "आमच्या पुडीवर आमचा नाव हाय. प्रमोदभावजी सांगतील तवा देव." आई तिच्या अंगणात फतकल मारून बसली. बसूनच राहिली. शेवटी राही पाणी घेऊन आली तेव्हा आईनं पाण्याला नाही म्हटलं, तिचा हात ओढला आणि स्वतःच्या डाव्या हाताच्या जोडलेल्या शिरेवर ठेवला. ती शीर कशी थरथरते तुला माहीत आहे, तूही हात लावला होतास आणि झटक्यात मागे घेतला होतास. आई म्हणाली, "कशी घरघरते बग. ही पायजेल तुला?" राही आत गेली आणि पुडी घेऊन आली, ती रडतच होती.

कोणीही तुला बोल लावला नाही. तुला हे खोटं वाटेल, म्हणून जानूकाका काय म्हणाला ते लिहिते. "त्याला सांग, पौर्निमेला ये. गोळी नको, तू ये. आजवर आमी पुडी घेवाक येत व्हतो काय? तू देतोस म्हनून येत व्हतो."

परवा संध्याकाळी आईनं पिशवी चुलीपुढे रिकामी केली आणि एकेक नाव मला वाचायला लावलं. सगळी घरं झाल्यावर म्हणाली, "प्रमोदची कुटं हाय?" मी म्हटलं, त्याची त्याच्याकडे मुंबईत. तिनं विचारलं, अजून खातो काय? मी खोटं बोलणार होते, दादा. तोंडापर्यंत आलं होतं. पण मी तुला लिहिलं होतं की आता कोणासाठी गप्प बसणार नाही. मी हो म्हटलं.

काल शुक्रवार होता. तिच्या मशीनचा दिवस. मी सकाळीच गाडी ठरवून आणली, तर ती ओटीवर बसलेली. म्हणाली, "वाडीच्या सगळ्या पुड्या माज्या हातात आल्या. माज्या पोराची आली नाय. ती आली का मी मशीनवर जाईन." मी विनवलं, ओरडले, जानूकाकानं समजावलं. ती हलली नाही. संध्याकाळी मी मोठ्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, उचलून आण. उचलून आणलं तर ती हात पुढे करणार नाही, आणि ज्या हातात सुई घालायची तो तिचा आहे.

आज तिचे पाय सुजले आहेत. बोलताना दम लागतो आहे. एक फेरी चुकली तर माणूस निभावतो, पुढची मंगळवारी आहे, तीही चुकली तर काय होतं हे मी तुला लिहीत नाही. माझं सगळं शिक्षण आज एवढ्याच कामाचं आहे की मला ते माहीत आहे आणि तिला नाही. का कोण जाणे, मला वाटतं तिलाही माहीत आहे.

वहिनीला मी फोनवर सगळं सांगितलं आहे. ती म्हणाली तू ऐकून घेतलंस आणि उठून गोदामात गेलास. म्हणून हे पत्र जानूकाका आजच्या गाडीनं घेऊन निघतो आहे. तो या वयात पहिल्यांदा एकटा मुंबईला येतो आहे, त्याला ठाण्याला उतरवून घे. आणि तो मागेल तरी तुझी पुडी त्याच्या हातात देऊ नकोस. आई ती त्याच्याकडून घेणार नाही, मी विचारून बघितलं.

मी आत्ता तिला पेज दिली. तिनं वाटी बाजूला सरकवली आणि दाराकडे तोंड करून बसली आहे. म्हणते, प्रमोद येऊ दे, मग जेवेन.

दादा, ये. पुडी घेऊन ये.

दीप्ती